पाहुण्याचे देणे

यजमानाने पाहुण्याशी कसे वागावे, याबद्दल सगळ्याच समाजांनी भरपूर सांगून ठेवले आहे. मराठी घरात पाहुण्याला देवाच्या जागी मानतात. आमच्या घरांतून मेहमान आला की त्याच्या पावलांबरोबर बरकत आली असे म्हणतात. पाहुण्याने कसे वागावे, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. आमच्याकडची बुजुर्ग मंडळी एवढेच सांगत की मेहमानी तीन दिवसांची. त्यापुढे यजमानावर ओझे होऊ नये. या साध्या सांगण्यात मोठा विचार आहे. पाहुण्याचा हक्क अमर्याद नाही, आणि त्याची मर्यादा पाहुण्याच्या हौसेवर नव्हे तर यजमानाच्या ऐपतीवर ठरते.

परंतु हा सारा विचार दाराशी आलेल्या, ओळखीच्या पाहुण्याचा आहे. आज जगात सर्वांत जास्त हिंडणारा पाहुणा वेगळाच आहे. त्याला आपण पर्यटक म्हणतो. तो कुणाच्या घरी येत नाही, गावात येतो. त्याला माणसाने नव्हे, जाहिरातीने बोलावलेले असते. तो खोलीचे, जेवणाचे, नौकेचे पैसे मोजतो आणि पैसे मोजले की आपण कुणाचे काही लागत नाही, असे समजून घरी परततो. हे समजणे बरोबर आहे काय? पैसे दिले की पाहुण्याचे देणे संपते काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. माझी चुलत बहीण लग्न होऊन बर्मिंगहॅमला गेली, त्याला आता वीस वर्षे झाली. कोकणातली बरीच मुस्लिम कुटुंबे त्या देशात स्थायिक झाली आहेत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने मला वेल्सचा समुद्र दाखवला. बर्मिंगहॅमहून निघालेली आगगाडी डोंगर ओलांडून वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याला लागते, बार्मथजवळ खाडीवरच्या लांबलचक लाकडी पुलावरून जाते आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पुल्हेलीपर्यंत पोचते. पुढे बसने आणखी काही गावे पाहिली. त्या गावांनी मला जो विचार करायला लावला, तो येथे मांडते आहे.

वेल्सच्या किनाऱ्यावरची कित्येक गावे पाहुण्यांसाठीच वाढली. उत्तरेकडे लँडिड्नो आहे. ग्रेट ऑर्म नावाच्या डोंगराच्या उतारावर तांब्याच्या खाणीत राबणाऱ्यांची आणि मच्छीमारांची घरे होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या मॉस्टिन या जमीनदार घराण्याने खालच्या सपाटीवर नकाशा आखून नवे शहर वसवले. चंद्रकोरीसारखा समुद्रकाठचा रस्ता, एका उंचीची पांढरी हॉटेले, आणि १८७७ मध्ये पाण्यात शिरणारा लांब धक्का. हा धक्का बोटींसाठी होता तसाच फिरणाऱ्यांसाठीही होता. जवळच्या रिलला १८४८ मध्ये रेल्वे आली आणि इंग्लंडच्या गिरणी-कारखान्यांतली माणसे तिथे उतरू लागली.

दक्षिणेकडच्या टेनबीची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची आहे. वेल्श भाषेत या गावाचे जे नाव आहे त्याचा अर्थ 'माशांचा छोटा किल्ला' असा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गावाला आरोग्यस्थान बनवण्यासाठी सर विल्यम पॅक्स्टन यांनी पैसा ओतला आणि समुद्राच्या पाण्याची स्नानगृहे बांधली. हे पॅक्स्टन ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत कलकत्त्याच्या टांकसाळीचे प्रमुख होते आणि बंगालमध्ये कमावलेली दौलत घेऊन परतले होते. त्या स्नानगृहाच्या दारावर ग्रीक भाषेत समुद्राच्या शुद्ध करण्याच्या गुणाची ग्वाही कोरलेली आहे. समुद्राने शरीर शुद्ध होत असेल. पण बंगालमधल्या संपत्तीचा हिशेब समुद्र करीत नाही. विश्रांतीच्या जागासुद्धा कुणाच्या तरी श्रमावर उभ्या असतात, हे टेनबीच्या त्या दाराखाली उभे राहिले की कळते.

मग सहलीला जाणेच वाईट म्हणायचे काय? मुळीच नाही. हे म्हणणे सोपे आहे, आणि ज्यांना बारा महिने सवड आहे तेच बहुधा ते म्हणतात. दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींतले कामगार जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा सुट्टी घेत. त्या पंधरवड्यात खोऱ्याच्या खोरी रिकामी होत आणि पोर्थकॉल, बॅरी आयलंड येथली वाळू माणसांनी भरून जाई. ब्रिटनमध्ये पगारी सुट्टीचा कायदा १९३८ साली झाला, त्यामागे कामगार चळवळीची वर्षानुवर्षांची मागणी होती. वर्षभर जमिनीखाली अंधारात राबणाऱ्या माणसाने पंधरा दिवस उजेडात, वाऱ्यावर, मुलाबाळांसह काढावेत, याला चैन म्हणता येणार नाही. तो त्याचा हक्क होता.

याच पोर्थकॉलची एक आठवण त्या लोकांनी जपली आहे. अमेरिकेचे कृष्णवर्णीय गायक पॉल रॉबसन यांचा पासपोर्ट त्यांच्या सरकारने १९५० मध्ये काढून घेतला होता. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये खाणकामगारांच्या संमेलनासाठी ते पोर्थकॉलला येऊ शकले नाहीत, तेव्हा ते अटलांटिक समुद्राखालून टाकलेल्या टेलिफोनच्या तारेवरून गायिले, आणि सभागृहात जमलेल्या कामगारांनीही त्यांना गाऊन उत्तर दिले. ज्याला येण्याचीच बंदी होती, असा पाहुणा त्या दिवशी गावात खऱ्या अर्थाने हजर होता. देहाने हजर राहूनही गावात नसणारे पाहुणे पुढे पाहायचे आहेत.

बार्मथच्या वाळूत मी आमच्याच माणसांचा घोळका पाहिला. डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुली सलवारीच्या कडा वर करून पाण्यात उभ्या होत्या. बहिणीच्या सासूबाई, वय पंच्याहत्तरच्या पुढे, श्रीवर्धनच्या. वाऱ्याकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "बेटा, हे आपलंच मुरूड आहे बघ. नुसते नारळ तेवढे नाहीत." कारखान्यात पतीची आणि दोन मुलांची उमर गेलेल्या त्या बाईला तो वारा कुणी नाकारावा? समुद्र पाहण्याचा हक्क मला मान्य आहे, आणि पुढे जे लिहिते ते हा हक्क मान्य करूनच.

पाहुणा येणे थांबले की काय होते, हे रिलमध्ये दिसते. १९७० च्या सुमारास स्पेनकडे जाणारी स्वस्त विमाने सुरू झाली आणि उन्हाची खात्री नसलेले ब्रिटिश किनारे ओस पडू लागले. रिलचा जुना धक्का १९७३ मध्ये पाडून टाकला. पाहुण्यांना परत आणण्यासाठी १९८० साली छताखालचे जलक्रीडा केंद्र उघडले; तेही २०१४ मध्ये बंद झाले. पाहुण्यांची निवासगृहे एकेका खोलीच्या भाड्याच्या घरांत बदलली आणि जिथे राहणे स्वस्त तिथे दूरदूरची अडलेली माणसे येऊन राहिली. २०१९ च्या वेल्सच्या सरकारी पाहणीत सर्वांत वंचित ठरलेला भाग रिल शहराच्या पश्चिमेचाच होता. ज्या गावाने दुसरे काही न करता केवळ पाहुण्यांची सेवा केली, त्याला पाहुण्यांनी एका पिढीत सोडून दिले. कुणी कुणाचा करार मोडला नाही. प्रत्येकाने आपापले पैसे मोजले होते. तरी गाव बुडाले. पैशाचे नाते हे असे असते. ते सरळ असते, पण ते आठवण ठेवत नाही.

आता दुसरे टोक पाहू. पुल्हेलीच्या पुढे लिन द्वीपकल्पावर अबेरसोख नावाचे गाव आहे. इथे पाहुणा आला नाही ही तक्रार नाही. इथे पाहुणा आला, त्याला गाव आवडले आणि त्याने घर विकत घेतले. मग त्याच्या मित्रानेही घेतले. शहरातल्या पगारावर घेतलेल्या घराची किंमत गावातल्या पगाराला झेपेना. शिडाच्या नौका, सुंदर दुकाने, गजबजलेला उन्हाळा. आणि ऑक्टोबरनंतर ओळीने काळोख्या खिडक्या. २०२१ च्या डिसेंबरात अबेरसोखची वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा बंद झाली. शेवटी तिथे दहासुद्धा मुले उरली नव्हती.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. जून महिन्यात पटसंख्येचा तक्ता भरताना शिक्षकाच्या पोटात काय होते, हे मला कुणी सांगायला नको. पहिलीच्या वर्गात किती नावे पडली, यावर शिक्षकांची पदे ठरतात, मग शाळा टिकणार की नाही ते ठरते. पण त्या आकड्यात आणखी एक गोष्ट लपलेली असते. गावात तरुण जोडपी राहतात का, त्यांना तिथे राहणे परवडते का, आपल्या मुलाने आपल्याच भाषेत पहिले अक्षर गिरवावे असे त्यांना वाटते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका आकड्यात असतात. हॉटेलांच्या खोल्या मोजून गावाची भरभराट कळते, पण गाव जिवंत आहे की नाही ते शाळेच्या पटावरून कळते.

भाषेचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. २०११ च्या जनगणनेत वेल्समध्ये सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांना वेल्श येत होती. २०२१ मध्ये ही संख्या ५ लाख ३८ हजारांवर आली, म्हणजे लोकसंख्येच्या १७.८ टक्के. अबेरसोख ज्यात येते त्या ग्विनेद जिल्ह्यात मात्र हे प्रमाण ६४.४ टक्के आहे. म्हणजे जिथे भाषा सर्वांत जिवंत, तोच किनारा सर्वांत सुंदर आणि तिथेच सुट्टीच्या घरांची मागणी मोठी. पुल्हेलीच्या एका दुकानात आम्ही शिरलो तेव्हा गल्ल्यावरची बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाशी वेल्शमध्ये बोलत होती. आम्हाला पाहताच दोघींनी इंग्रजी सुरू केली. आमच्यासाठी, आम्हाला परके वाटू नये म्हणून. किती सभ्य रिवाज! आमच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणातही असेच होते. चार उर्दू शिक्षिका आपसात बोलत असल्या आणि मराठी शाळेच्या बाई येऊन बसल्या की आम्ही मराठीवर येतो, आणि ते योग्यच आहे. पण विचार करा, असा पाहुणा रोज आला, दर दुकानात आला आणि कायमचा बसून राहिला, तर यजमानाने स्वतःच्या भाषेत बोलायचे कधी? कुणीही जबरदस्ती न करता, निव्वळ सभ्यतेपोटी एक भाषा आपल्याच गावात पाहुणी होऊ शकते.

या अन्यायाला तिथे एक उत्तर आगीचेही दिले गेले. 'ग्लिनदूरचे पुत्र' असे नाव घेणाऱ्या गुप्त गटाने १९७९ च्या डिसेंबरपासून इंग्रजांची सुट्टीची घरे जाळायला सुरुवात केली. पुढची दहा-बारा वर्षे हे चालले आणि दोनशेहून अधिक घरे पेटवली गेली. हा मार्ग मला चूक वाटतो, आणि तो केवळ कायद्याने गुन्हा आहे म्हणून नव्हे. घर जाळणारा माणूस घराच्या मालकाला त्याच्या जन्मावरून ओळखतो. आग लावणाऱ्याला कुलूप लावून गेलेला इंग्रज आणि कायम राहायला आलेला इंग्रज यांत फरक करता येत नाही. आणि सगळा नैतिक प्रश्न नेमका त्या फरकात आहे.

इथे मला थोडे थांबून बोलले पाहिजे. 'बाहेरचे' हा शब्द या अंकाच्या वाचकांच्या कानांना नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत पुरलेल्या माणसांच्या नातवंडांना "तुम्ही मूळचे कुठले?" असे विचारले जाते, तेव्हा काय वाटते हे आपण जाणतो. म्हणून 'गाव गावकऱ्यांचे, बाहेरच्यांनी निघून जावे' ही घोषणा कितीही दुबळ्या समाजाने दिली तरी तिला मान डोलावण्यापूर्वी आपण दहादा विचार करू. गंमत अशी की 'वेल्श' हा इंग्रजी शब्दच मुळात 'परका' या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला आहे. ते स्वतःला 'कम्री' म्हणतात, म्हणजे 'एका भूमीतले सोबती'. आक्रमण करून आलेल्यांनी मूळच्या लोकांना परके ठरवले आणि तेच नाव जगभर रूढ झाले. लँडिड्नोच्या डोंगरावरच्या रानटी बकऱ्या मूळच्या काश्मिरी जातीच्या. एकोणिसाव्या शतकात त्या तिथे सोडल्या गेल्या. २०२० च्या टाळेबंदीत त्या सुनसान रस्त्यांवर उतरून लोकांच्या बागा खात हिंडल्या, तेव्हा साऱ्या जगाने त्यांना लँडिड्नोच्या बकऱ्या म्हणूनच पाहिले. बकरीला जे मिळते ते माणसाला मिळायला हरकत नसावी.

तेव्हा रेषा जन्मावर आखता येणार नाही. ती राहण्यावर आखावी लागेल. जो येऊन राहतो, ज्याचा दिवा जानेवारीतही लागतो, ज्याचे मूल गावच्या शाळेत जाते, तो कुठूनही आलेला असो, तो गावकरी. ग्विनेदमध्ये १९८० च्या दशकापासून नव्याने आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी खास वर्ग चालवले जातात. ही मुले काही आठवडे दिवसभर वेल्श शिकतात आणि मग आपल्या वयाच्या वर्गात जाऊन बसतात. शिक्षिका म्हणून मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. ती येणाऱ्याला सांगते की दार उघडे आहे, फक्त आत येताना आमची भाषा सोबत घ्या.

आणि जो राहत नाही, पण घर अडवून ठेवतो, तो त्याच मातीत जन्मलेला असला तरी गावाला तो उणाच. हे मी वेल्सपुरते लिहीत नाही. आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यांत अशी किती घरे आहेत! पैसा आखातातून आणि विलायतेतून आला, दुमजली घर बांधले, संगमरवरी फरशी घातली, आणि वर्षातून दोन आठवडे ते उघडते. माझ्या बहिणीचे घरही असेच बंद आहे. त्यांना कुणी बाहेरचे म्हणणार नाही. पण त्यांच्या दारासमोरच्या उर्दू शाळेचा पट घसरला आहेच. कुलपाला धर्म नसतो, भाषा नसते. ते इंग्रजाने लावले काय आणि आपल्या भावाने लावले काय, शेजारच्या घरातल्या मुलाला खेळायला सोबती मिळत नाही तो नाहीच.

कायदा या बाबतीत काय करू शकतो, तेही वेल्सने करून पाहिले आहे. एप्रिल २०२३ पासून तिथल्या नगरपालिका-जिल्हा परिषदांना दुसऱ्या घरांवर नेहमीच्या करावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. सप्टेंबर २०२४ पासून ग्विनेदने राहते घर सुट्टीचे घर करायचे असेल तर आधी परवानगी घ्या असा नियम आणला. त्याला न्यायालयात आव्हानही मिळाले. २०२५ मध्ये वेल्सच्या संसदेने मुक्कामी पाहुण्यावर छोटा कर बसवण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारा कायदा केला. हॉटेलात माणशी एका रात्रीला १ पौंड ३० पेन्स, तंबूच्या जागी ७५ पेन्स, आणि तोही २०२७ च्या आधी नाही. यावर हॉटेलवाल्यांनी पाहुणे कमी होतील अशी भीती घातली. रिलचा इतिहास पाहता ती भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही.

आणखीही एक आक्षेप आहे. घर विकले कुणी? गावकऱ्यानेच ना? म्हातारपणी चांगली किंमत मिळते आहे, मुले कार्डिफला नाहीतर लंडनला नोकरीला आहेत. त्याने नाही का म्हणावे? हा आक्षेप खरा आहे. विकणाऱ्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. पण त्यातूनच हे दिसते की केवळ दोन माणसांचा राजीखुशीचा सौदा योग्य असला म्हणजे त्याचा परिणामही योग्य असतो, असे नाही. प्रत्येक सौदा निर्दोष आणि सगळ्या सौद्यांची बेरीज म्हणजे बंद शाळा. म्हणून नीतीचा विचार एकेका व्यवहारापाशी थांबून चालत नाही. 'मी कुणाचे काही चोरले नाही' हे वाक्य खरे असूनही अपुरे असू शकते.

माझ्या मते पाहुण्याचे देणे हे एवढेच आहे: त्याने आपल्या येण्यामुळे दुसऱ्याचे राहणे अशक्य होऊ देऊ नये. येण्याचा हक्क मोठा आहे, पण राहण्याचा हक्क त्याहून मोठा आहे. पैसे खोलीचे झाले. पहाटेचा वारा, बारा महिने तिथे राहून गाव चालते ठेवणारी माणसे, त्यांची भाषा, ज्यांच्यामुळे त्या जागेला 'जागा' म्हणायचे, त्यांची किंमत बिलात नसते. ती वेगळ्या रीतीने चुकवावी लागते. गावाचे नाव गावकरी घेतात तसे घ्यायला शिकावे. कर मागितला तर कुरकुर न करता द्यावा. हंगाम सरल्यावरही जावे. भाड्याने राहावे, घर अडवू नये. आणि अडवायचेच असेल तर राहायला जावे.

अबेरिस्टविथ या किनाऱ्यावरच्या शहरात याचे एक जुने उदाहरण उभे आहे. टॉमस सॅव्हिन नावाच्या रेल्वेच्या ठेकेदाराने १८६० च्या दशकात तिथे समुद्राला लागून पाहुण्यांसाठी राजवाड्यासारखे हॉटेल बांधायला काढले. त्यात त्याचे दिवाळे निघाले. ती अर्धीमुर्धी इमारत वेल्ससाठी विद्यापीठ काढू पाहणाऱ्या मंडळींनी १० हजार पौंडांना विकत घेतली आणि १८७२ मध्ये तिथे कॉलेज सुरू केले. चालवायला पैसा नव्हता, तेव्हा प्रार्थनामंदिरांतून वर्गणी गोळा झाली. गरीब माणसांनी आपापली नाणी टाकली. पुढे १९६३ च्या फेब्रुवारीत याच शहरातल्या पुलावर वेल्श तरुण-तरुणी रस्ता अडवून बसल्या, न्यायालयाची समन्से आम्हाला आमच्या भाषेत द्या म्हणून. त्यांनी घरे जाळली नाहीत, स्वतः थंडीत बसल्या. पाहुण्यांसाठी बांधलेल्या भिंतींत त्या लोकांनी आधी आपल्या मुलांना बसवले.

त्या शहरात आजही पाहुणे येतात, समुद्रकाठच्या रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जातात, तिथल्या कठड्याला रिवाजाप्रमाणे पाय लावतात आणि परत फिरतात. त्यांनी खुशाल यावे. पण कुठल्याही सुंदर गावी पोचल्यावर खोलीचे भाडे विचारण्याआधी आपण एक प्रश्न विचारायला शिकले पाहिजे: इथली शाळा चालू आहे ना?